धर्मादाय हॉस्पिटलांच्या विश्वस्तांना खुलं पत्र, गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून

मा. विश्वस्त मंडळी,
स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एकाच्या हॉस्पिटलसमोर, रस्त्याच्या पलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मुंबईत. कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही, एकतर मला उद्या सकाळी तिथेच शटर उघडायचंय आणि दुसरं म्हणजे गरिबांसाठी राखलेल्या तुमच्या खाटा गरिबाला सहजी मिळत नाहीत हे काही एकट्याचं गाऱ्हाणं नाही, राज्यात चारशेच्या वर धर्मादाय हॉस्पिटलं आहेत, बहुतेकांच्या समोर माझ्यासारखं एखादं दुकान असणारच आणि तिथला झेरॉक्सवालाही असंच काहीतरी सांगेल. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी या पत्रात जे मागतोय ते तुम्ही खरंच केलंत तर माझा धंदा पडेल. म्हणजे मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन लिहितोय, तेव्हा यात माझा काही फायदा असेल असा संशय घेऊ नका.

माझ्या दुकानात माणूस कुठल्या कामाला आलाय ते कागदावरून कळतं. क्लेमवाले येतात ते कडक प्लास्टिक फोल्डर घेऊन, पॉलिसीचं कार्ड, पॅन, आधार, सगळं आधीच स्कॅन केलेलं असतं, फक्त प्रिंट मारायची. आणि योजनेवाले येतात ते पिशवी घेऊन. दुधाची धुतलेली पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, घडीवर फाटलेलं, सेलोटेप मारून मारून पिवळं पडलेलं, त्यामुळे मूळ रंग केशरी का पिवळा हेच कळेना. पावसाळ्यात तर मी कार्ड आधी पंख्याखाली धरतो आणि मगच काचेवर ठेवतो, नाहीतर चिकटतं. सगळ्या पानांची झेरॉक्स सांगितलेली असते. रेशनकार्डाची, आधारची, पासबुकाची, उत्पन्नाच्या दाखल्याची, लाईट बिलाची. लाईट बिल कशाला हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. एकदा तर एका हमालाला इन्कम टॅक्स रिटर्न आणायला सांगितलं होतं, तो मला विचारत होता की दादा हे कुठे मिळतं, पोस्टात का.

आता मला तुमची ही गरिबांच्या खाटांची स्कीम कशी माहिती, तर काही वर्षांपूर्वी एक वकील आले होते, त्यांना त्या स्कीमच्या पन्नास कॉप्या हव्या होत्या. मशीननं एक जास्त काढली. ती मी ठेवून घेतली आणि गिऱ्हाईक नसताना वाचत बसलो, डिक्शनरी घेऊन, कारण सगळं इंग्रजीत. तेव्हापासून ती काउंटरखाली आहे, आता कोपरे दुमडलेत. तुम्ही ट्रस्टी आहात म्हणजे तुम्हाला हे पाठच असणार, पण तुमच्या बिलिंग काउंटरवरच्या पोरांना नाही, म्हणून लिहितो.

विश्वस्त कायदा १९५० चा. त्यात १९८५ ला ४१ कक कलम घातलं, की धर्मादाय म्हणून सवलती घेणाऱ्या हॉस्पिटलांनी गरिबांसाठी खाटा राखायच्या. त्यावर नुसती ओढाताण चालली, मग २००४ ला जनहित याचिका झाली आणि शेवटी ऑगस्ट २००६ मधे मुंबई हायकोर्टानं स्कीम ठरवून दिली, १ सप्टेंबर २००६ पासून लागू. दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी पूर्ण मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकासाठी निम्म्या दरात. म्हणजे दोनशे खाटांचं हॉस्पिटल असेल तर वीस आणि वीस. आणि याचा खर्च तुमच्या खिशातून पण नाही, बाकीच्या पेशंटच्या एकूण बिलाचे दोन टक्के बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवायचे, निर्धन रुग्ण निधी, पेशंटच्या औषधाचे, स्टेंटचे, इम्प्लांटचे पैसे त्यातून वळते करायचे. खाट, नर्सिंग, वॉर्डमधले डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या याचं तर बिलच लावायचं नाही. समजा महिन्याचं बिलिंग पाच कोटी झालं तर दहा लाख या खात्यात. दर महिन्याला. आता हे पैसे कोणी दिले? ज्यानं कॅशलेस घेतलं, ज्यानं डीलक्स रूम घेतली त्यानं दिले, त्याच्याच बिलातून ते गेले. आणि तरी काउंटरवर सांगताना आवाज असा असतो की कोणाच्या तरी घरचं जेवण वाढतोय.

या शहराला दानातून उभं राहिलेलं हॉस्पिटल नवीन नाही. जेजे जमशेटजी जीजीभॉयांच्या पैशातून १८४५ ला उभं राहिलं. पण ते दान होतं, त्यांची मर्जी होती. तुमचं जे आहे ते दान नाही, ते देणं आहे. ट्रस्ट म्हणून टॅक्समधे सूट घेतलीत, कोणाला जमीन सवलतीत मिळाली, कोणाला जास्तीचा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी मिळाली, त्या बदल्यात ही शंभरातली वीस खाटांची गोष्ट.

बरं, स्कीम वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही. इतकी चांगली स्कीम कागदावर आहे की वाचल्यावर मला स्वतःला धक्का बसला होता. माझं म्हणणं एवढंच आहे की ती मागावी लागते. आणि मागण्यासाठी आधी तिचं नाव माहिती असावं लागतं. तुमच्या ॲडमिशन काउंटरवर पहिला प्रश्न येतो कॅश का मेडिक्लेम. तिसरा पर्याय कोणी उच्चारतच नाही. पेशंट म्हणतो मेडिक्लेम नाही, लगेच की-बोर्डवर कॅश टाईप होतं आणि त्या क्षणाला तो माणूस स्कीमच्या बाहेर गेला, हे त्याला कळतही नाही.

बोर्ड आहे तुमच्याकडे, मी पाहिलाय. नियमाप्रमाणे लावलेला आहे. लिफ्टच्या बाजूला, वॉटर कूलरच्या मागे, त्यावर खाटांचे आकडे लिहायची जागा आहे आणि तिथे कधी काळी मार्करनं लिहिलेला आकडा इतका पुसट झालाय की तीन का आठ ते सांगता येत नाही. आज किती रिकाम्या आहेत हे त्यावरून कळावं अशी अपेक्षा असेल तर नमस्कार आहे.

आता एक किस्सा सांगतो, याच वर्षातला. पेशंट आणि घरच्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

सकाळी आठला मी शटर वर करत होतो तर एक बाई पायरीवर बसलेली. नवरा वॉचमन, ही चार घरची कामं करते. त्याला रात्री ड्युटीवर छातीत कळ आली, सोसायटीतल्याच कोणीतरी गाडीत घालून समोर आणला, पहाटे अँजिओप्लास्टी ठरली. डिपॉझिट पन्नास हजार सांगितलं. इमर्जन्सी होती, अशा पेशंटला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, आधी दाखल करून घ्यायचं आणि जीव वाचवायचे उपचार सुरू करायचे असं स्कीममधेच लिहिलंय, आणि पुण्यात एका गरोदर बाईला डिपॉझिटसाठी अडवल्याचा आरोप झाला ते प्रकरण २०२५ च्या एप्रिलमधे बाहेर आल्यावर तर यावर एवढा गदारोळ झाला की पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. पण पहाटे तीन वाजता हे कोण सांगणार तिला? तिनं भिशीचे उचलले, एका कामावरच्या ताईंनी फोनवर पाठवले, कसेबसे पस्तीस भरले. माझ्याकडे आली होती ती आधारच्या झेरॉक्ससाठी. मी सहज विचारलं, मावशी तुम्ही योजनेतून का नाही केलं. तर ती म्हणाली विचारलं मी, ते म्हणाले आमच्याकडे योजना नाही.

इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे कारण हा घोळ मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो. पब्लिक ज्याला 'योजना' म्हणतं ती म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. ती वेगळी. ती सरकारची, विम्यासारखी, २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली, पुढे नाव बदललं, आणि २०२३ च्या शासन निर्णयानं ती सगळ्यांना आणि पाच लाखांपर्यंत केली. तिच्यात ठरलेले उपचारच बसतात आणि ती फक्त पॅनेलवरच्या हॉस्पिटलात चालते. तुमचं हॉस्पिटल त्या पॅनेलवर नाही. म्हणजे काउंटरवरचा मुलगा 'योजना नाही' म्हणाला ते खोटं नव्हतं. पण धर्मादायची स्कीम पॅनेल-बिनेल बघत नाही, ती ट्रस्ट आहे म्हणून आहेच. तर खरं बोलून माणसाला परत पाठवायची ही जी युक्ती आहे ना ती कोणी शिकवली असेल त्याला मानलं पाहिजे. (शिकवली नसेलही. त्या मुलाला स्वतःलाच दोन्हीतला फरक माहिती नसेल, मला ती शक्यता जास्त वाटते.)

मी तिला म्हटलं, मावशी, निर्धन रुग्णांसाठी खाटा असतात, सोशल वर्कर मॅडमना भेटा. यावर ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, "दादा आम्ही निर्धन नाही हो, आम्ही दोघं कमावतो." आणि पदर सारखा केला. मी काय बोलणार. मी तिला हिशोब करून दाखवला, पाठकोऱ्या कागदावर. निर्धनची मर्यादा आता वर्षाला एक लाख ऐंशी हजार आहे, म्हणजे महिन्याला पंधरा हजार. दुर्बल घटकाची तीन लाख साठ हजार, म्हणजे महिन्याला तीस. नवऱ्याचा पगार आणि तुमच्या चार घरचे मिळून किती होतात मावशी? ती बोटावर मोजत बसली, मग म्हणाली चोवीस-पंचवीस. म्हणजे तुम्ही दुसऱ्यात बसता, निम्मं बिल. तिला खरंच वाटेना. तिचं कार्ड केशरी होतं आणि तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं की हे सगळं पिवळ्या कार्डवाल्यांचं असतं.

विश्वस्त साहेब, या शहरात महिन्याला तीस हजाराच्या आत किती घरं चालतात याचा अंदाज तुम्हाला तुमच्याच सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंगवाल्यांकडे बघून येईल. कंत्राटावरचे आहेत ते. त्यातले कितीतरी या खाटांत बसतात, आणि त्यांना माहिती नाही, मी विचारलंय.

पुढचं ऐका. सोशल वर्कर मॅडम दहाला आल्या. मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, अख्ख्या हॉस्पिटलला त्या आणि एक मदतनीस, जेवणाचा डबा अनेकदा चारला उघडतात. त्या म्हणाल्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. माझ्या कॉपीत लिहिलंय तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. 'किंवा' आहे. पण वरून तोंडी सांगितलेलं असेल 'आणि', तर मॅडम काय करणार. शिवाय कार्ड गावचं, त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून वारलेला सासरा, आणि या बाईचं नाव अजून चढलेलंच नाही. शुक्रवार होता. मुलगा रात्रीच्या एसटीनं गावी गेला तर शनिवार-रविवार तहसील बंद, सोमवारी तलाठी सापडले नाहीत, मंगळवारी त्यांचा दाखला, बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी ओळखीनं तहसीलचा. ओळख नसती तर पंधरा दिवस लागू शकतात असं त्याला सेतूवाल्यानं सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी पोरगा माझ्या दुकानात, डोळे लाल, दाखल्याच्या दोन झेरॉक्स दे म्हणाला. मी पैसे घेतले नाहीत, तेवढंच.

तासाभरानं परत आला. म्हणे काउंटरवर सांगितलं की तुम्ही कॅशमधे ॲडमिट झालात, आता कन्व्हर्ट होणार नाही.

कन्व्हर्ट हा शब्द माझ्या त्या कॉपीत मला कुठे सापडला नाही. दोनदा बघितलं. पेशंट पहिल्या दिवशी जेवढा गरीब होता तेवढाच सातव्या दिवशी होता, उलट थोडा जास्तच.

मग मॅडम वर गेल्या, खाली आल्या, परत वर गेल्या, कोणीतरी कोणाला तरी फोन केला, आणि संध्याकाळी बिलात काहीतरी कमी झालं. निम्मं नाही. काहीतरी. त्याला त्यांनी 'कन्सेशन' म्हटलं, स्कीम नाही म्हटलं, म्हणजे ते कुठल्या खात्यातून गेलं देव जाणे. आणि डिस्चार्जच्या आधी बाईंना सांगितलं की फाईलला लावायला आभाराचं एक पत्र द्या. तिला लिहिता येत नाही. पोरगा बापाजवळ बसलेला. तेव्हा ते पत्र मी लिहिलं. माझ्या काउंटरवर, माझ्या पेननं, 'आपल्या रुग्णालयाने मोठ्या मनाने सहकार्य केले याबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले ऋणी आहोत.' तिनं खाली अंगठा दिला, स्टॅम्पपॅड माझंच. वर तुमच्या फाईलसाठी एक झेरॉक्स पण काढली. तीन रुपये.

तुमच्या वार्षिक अहवालात अशी पत्रं छापलेली असतात ना, मी छपाईआधीचे कच्चे प्रिंट काढलेत म्हणून माहिती आहे. त्यातलं एक माझ्या अक्षरात आहे.

आता तुमची बाजू पण मला दिसते, अगदीच आंधळा नाही. खोटे दाखले येतात. एक जण चावीला गाडीचं रिमोट लावलेला माझ्याकडे आला होता, दाखला स्कॅन करून फक्त एक आकडा बदलून दे म्हणाला, पाचशे देतो म्हणाला. हाकलला त्याला. आणि नगरसेवकाची, आमदाराची चिठ्ठी घेऊन येणारे वेगळेच, ते काउंटरवर थांबतच नाहीत, सरळ वर जातात, आणि त्यांचं काम होतं. मला तर वाटतं की स्कीमच्या ज्या खाटा भरलेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच चिठ्ठीच्या असाव्यात, पुरावा माझ्याकडे नाही, पण चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स मी काढलेल्या आहेत. म्हणजे खोटा माणूस तुमच्या सात कागदांनी अडत नाही, त्याला सात कागद जमवता येतात, त्याचा तोच तर गुण आहे. अडतो तो सासऱ्याच्या नावाचं कार्डवाला. हे एवढं तपासणीचं जाळं लावून तुम्ही नेमके चुकीचे मासे पकडताय.

आणि फंड संपला हे पण ऐकतो. संपत असेलही, एका बायपासला किती लागतात मला माहिती आहे, एस्टिमेटच्या झेरॉक्स पण इथेच निघतात. पण संपला तर तो आकडा लावा ना बाहेर. या महिन्यात एवढे जमा, एवढे खर्च, एवढे शिल्लक. धर्मादाय आयुक्तांना तुम्ही हिशोब पाठवताच, तोच कागद खाली पण लावायचा, वेगळं काम नाही. शून्य शिल्लक लिहिलेलं दिसलं तर माणूस भांडणार नाही, तो पालिकेच्या केईएमला जाईल, सायनला जाईल, निदान चार दिवस तुमच्या पायरीवर बसणार नाही. लपवलेला शून्य आणि लपवलेले दहा लाख बाहेरून सारखेच दिसतात.

तर मागणं काय आहे. काउंटरवर जो पहिला प्रश्न आहे, कॅश का मेडिक्लेम, त्यात तिसरा शब्द घाला, 'का धर्मादाय'. बस. तुम्ही विचारा, त्यानं विचारायची वाट बघू नका. खर्च शून्य आहे, सॉफ्टवेअरमधे एक ऑप्शन वाढवायचाय. आणि विचारताना निर्धन म्हणू नका हो. कायद्यात शब्द आहे तो राहू दे, कागदावर लिहा, पण तोंडानं विचारताना 'घरातलं सगळ्यांचं मिळून महिन्याचं तीस हजाराच्या आत आहे का' एवढं विचारा, मान खाली न घालता माणूस हो म्हणेल. 'दोघं कमावतो' म्हणणारी बाई पण म्हणेल.

दाखल्याचं असं करा, पेशंट आत घ्या, फाईलवर 'दाखला येणे बाकी' असा शिक्का मारा, मुदत द्या डिस्चार्जपर्यंत, नाही आणला तर बिल लावा. शिक्के माझ्याकडे बनतात, एका दिवसात देतो. कन्व्हर्ट वगैरे प्रकार मग राहतच नाही. आणि रात्रीच्या ड्युटीला एक तरी माणूस असा ठेवा ज्याला स्कीम माहिती आहे, कारण सोशल वर्कर दहा ते पाच आणि हार्ट ॲटॅक पहाटे तीनला, हे कोणी ठरवलं ते मला भेटवा एकदा.

आभाराची पत्रं मागणं बंद करा. याबद्दल मी जास्त लिहीत नाही, लिहायला बसलो तर भाषा बिघडेल.

धर्मादाय आयुक्त साहेबांनाही ही प्रत पाठवतोय. साहेब, तपासणीला येताना आधी कळवून येऊ नका. तुमची गाडी यायच्या आदल्या दिवशी तो वॉटर कूलरमागचा बोर्ड पुसला जातो आणि नवीन आकडे येतात, कसं माहिती तर आकड्यांचा चार्ट मीच प्रिंट करून देतो. साध्या कपड्यात या, काउंटरवर म्हणा मेडिक्लेम नाही, आणि काय टाईप होतं ते बघा.

मी माझ्याकडून एक केलंय. त्या स्कीममधलं कामाचं तेवढं मराठीत एका पानावर टाईप केलंय, मोठ्या अक्षरात, मर्यादा महिन्याच्या हिशोबात, 'किंवा'खाली रेघ मारून. सोमवारपासून दुकानाच्या काचेवर लावतोय आणि ज्याला पाहिजे त्याला एक कॉपी फुकट. दुकान तुमच्या हद्दीत नाही, तेव्हा सिक्युरिटीला पाठवू नका. पानात काही चुकलं असेल तर तुमच्या लीगलवाल्यांना पाठवा, दुरुस्ती करून देईन, टायपिंगचे पैसे घेणार नाही. आणि अगदीच मोठं मन असेल तर ए-फोरची एक रिम पाठवा, आभाराचं पत्र लिहून देतो.

आपला,
समोरचा झेरॉक्सवाला